जखम, पाणी आणि जवळचा माणूस

मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो. शब्दांची कुळे सांगताना मुलांना एका यादीची फार गंमत वाटते. जखम हा शब्द फारसी. मलम म्हणजे मूळचा अरबी मरहम. इलाज अरबी, मदत अरबी, दवाखान्यातली दवा अरबी आणि खाना फारसी. जुन्या लोकांच्या तोंडी असलेले नस्तरही फारसीच. पट्टी, उपचार, वेदना, धीर हे शब्द संस्कृताकडून आलेले. मराठी माणूस पडला, लागले, रक्त आले की मदतीची हाक मारण्यापासून मलमपट्टी होईपर्यंत तो दोन्ही घरचे शब्द वापरत असतो आणि त्याला ते कळतही नाही.

प्रथमोपचार हा शब्द मात्र या यादीत सर्वांत धाकटा आहे. जखमेवर पट्टी बांधणे माणसाला हजारो वर्षांपासून येते. पण जो वैद्य नाही, हकीम नाही, डॉक्टर नाही, अशा साध्या माणसाला चार गोष्टी आधीच शिकवून ठेवायच्या, म्हणजे वेळ आल्यावर तो हातपाय गाळणार नाही, ही कल्पना जेमतेम दीडशे वर्षांची आहे. ती आपल्या शिरूर-दौंडच्या मुलखापर्यंत कशी आली आणि आल्यावरही आपल्या अंगवळणी का पडली नाही, हे या लेखात सांगायचे आहे.

सुरुवात आपल्याच रस्त्यावरून करू. पुणे-नगर रस्ता. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून, म्हणजे जुने लोक ज्याला अजून घोडनदी म्हणतात तिथून, कॅप्टन स्टाँटन याची तुकडी पुण्याकडे निघाली. सोबत मुंबई पायदळाची एक पलटण, काही घोडेस्वार, दोन तोफा आणि त्यांचे गोलंदाज. एकूण आठशेच्या आसपास माणसे. रात्रभर चालून सुमारे २५ मैलांवर, १ जानेवारी १८१८ च्या सकाळी, ती भीमेकाठी कोरेगावला पोहोचली. समोर पेशव्यांची फौज होती. पुढे दिवसभर काय झाले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि आजही लिहिले जाते. त्या लढाईचा अर्थ काय लावायचा, हा या लेखाचा विषय नाही. मला त्या दिवशी जखमी झालेल्या माणसांकडे पाहायचे आहे. त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

ही माणसे रात्रभर चाललेली होती. पोटात अन्न नव्हते. नदी समोर दिसत होती, पण पाण्यापर्यंत जाण्याची वाट दुसऱ्या बाजूच्या हातात होती. रक्त गेलेल्या माणसाला तहान फार लागते. तोफेजवळचे, गल्लीतले, भिंतीच्या आडचे जखमी दिवसभर पाण्यासाठी तळमळत राहिले. रात्र पडून हल्ल्याचा जोर ओसरला, तेव्हा कुठे त्यांना पाणी मिळाले. कोरेगावच्या स्तंभावर मेलेल्यांची नावे कोरली आहेत. त्यात महार शिपायांची नावे सर्वांत जास्त आहेत आणि त्यांच्याबरोबर मराठ्यांची व मुसलमानांचीही आहेत. तहान त्या सर्वांना सारखीच लागली असणार.

या तुकडीबरोबर दोन साहाय्यक सर्जन होते, विंगेट आणि वायली. आठशे माणसांमागे दोन डॉक्टर, हे त्या काळच्या मानाने कमी नव्हते. पण अधिकारी एकामागून एक पडत गेले, तसे या डॉक्टरांनाही हातात शस्त्र घेऊन शिपायांच्या पुढे व्हावे लागले. जखमी एका लहान देवळात आणून ठेवले होते. पेशव्यांच्या फौजेतल्या अरबांनी ती जागा घेतली आणि आत पडलेल्या जखमींवर वार केले. विंगेट तिथेच मारला गेला. स्टाँटन, जोन्स आणि वायली यांनी शिपायांसह चाल करून उरलेल्या जखमींची सुटका केली.

हे अरब मुसलमान होते, हे लपवण्याचे काही कारण नाही. जखमीवर हात उचलू नये, ही शिकवण त्यांच्या घरात साडेअकराशे वर्षांपासून होती. इ.स. ६५६ मध्ये जमलच्या लढाईत हजरत अली (रजि.) यांनी आपल्या माणसांना ताकीद दिली होती, की पळणाऱ्याचा पाठलाग करू नका आणि पडलेल्या जखमीला मारू नका. समोरचे लोक शत्रू म्हणून उभे असताना दिलेली ही ताकीद आहे. शिकवण ग्रंथात असणे आणि ती वेळेला हातात उतरणे, यात केवढे अंतर असते ते कोरेगावच्या त्या देवळात दिसते. हा दोष एका जमातीचा नाही. त्या काळात जगातल्या कुठल्याच फौजेत जखमींना वाचवण्याचा पाळला जाईल असा करार नव्हता.

दुसऱ्या दिवशी रात्री ही तुकडी आपले जखमी घेऊन शिरूरकडे परत फिरली आणि ३ जानेवारीला सकाळी पोहोचली. आठशेतली पावणेतीनशेच्या आसपास माणसे मेलेली, जखमी किंवा बेपत्ता होती. लेफ्टनंट पॅटिन्सन हा या लढाईतल्या जखमांनीच पुढे मेला. आज त्याच रस्त्याने कोरेगावहून शिरूरला जायला गाडीने तासभर लागतो. तेव्हा तुटलेले हाडही तेवढेच दुखत होते, रक्तही तेवढ्याच वेगाने वाहत होते.

आपल्याकडे तेव्हा ज्ञान नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. फौजेबरोबर आणि गावोगावी जर्राह असत. जर्राह हा शब्द अरबीत जखमेसाठी असलेल्या ‘जुर्ह’ या शब्दापासून आला. जखमा शिवणे, गळू फोडणे, गोळी काढणे ही त्यांची कामे. हाड बसवणारे हाडवैद्य होते, सुईणी होत्या. पुण्याचीच एक गोष्ट तर विलायतेत गाजली. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत इंग्रज फौजेसाठी बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस पकडला गेला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ कुंभारकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये त्याची हकिकत छापून आली. युरोपातल्या शल्यविद्येने त्यावरून धडा घेतला.

म्हणजे हुन्नर होते. नव्हती ती व्यवस्था. हुन्नर एका घराण्यात, एका जातीत, बापाकडून मुलाकडे जाई. तो माणूस जखमीपर्यंत पोहोचेपर्यंत जखमीच्या जवळ उभ्या असलेल्यांनी काय करायचे, हे कोणी कोणाला शिकवत नव्हते.

मुसलमान वाचकांना इथे काही नावे आठवतील आणि ती आठवावीतच. इ.स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या चेहऱ्याला जखम झाली. हजरत अली (रजि.) ढालीतून पाणी घेऊन आले आणि हजरत फातिमा (रजि.) यांनी जखम धुतली. पाण्याने रक्त थांबेना, उलट वाढू लागले, तेव्हा त्यांनी चटईचा तुकडा जाळून त्याची राख जखमेवर दाबली. रक्त थांबले. हदीसच्या ग्रंथांत ही हकिकत आहे. तिच्यावरून कोणी आज जखमेवर राख लावू लागले, तर ते हकिकतीचा अर्थ समजले नाहीत असे मी म्हणेन. मुलीने जवळ होते ते वापरले. एक उपाय चालत नाही हे पाहताच तो बदलला आणि रक्त थांबवणे हेच पहिले काम मानले. आज जवळ स्वच्छ रुमाल असतो, ओढणी असते. राखेतून, हळदीतून, चहापत्तीतून जंतू आत जातात, हे आज आपल्याला माहीत आहे. ते माहीत असताना राख लावणे हा शहाणपणा नव्हे.

दोन वर्षांनी खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताची नस तुटली. त्यांना मस्जिदे नबवीच्या आवारातल्या रुफैदा (रजि.) नावाच्या स्त्रीच्या तंबूत ठेवले गेले. ती जखमींची शुश्रूषा करीत असे. मशिदीच्या आवारात जखमींचा तंबू आणि तो चालवणारी स्त्री, हे चित्र आपल्या मोहल्ल्यातल्या किती जणांना माहीत आहे? पुढे स्पेनमध्ये अल्-जहरावी यांनी, ज्यांचे निधन इ.स. १०१३ च्या सुमारास झाले, आपल्या मोठ्या ग्रंथात वाहणारी रक्तवाहिनी बोटाने दाबून धरण्यापासून ती बांधण्यापर्यंतच्या रीती लिहून ठेवल्या. बगदाद, दमास्कस, कैरो इथे बिमारिस्तान म्हणजे मोठी रुग्णालये उभी राहिली. हा आपला वारसा आहे. पण वारसा सांगून वाहते रक्त थांबत नाही, हेही खरे.

साध्या माणसाला शिकवण्याची कल्पना कशी आली, ते आता पाहू. २४ जून १८५९ रोजी इटलीत सोल्फेरिनो इथे मोठी लढाई झाली. एका दिवसात चाळीस हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा जखमी झाली. आँरी द्युनाँ हा जिनिव्हाचा व्यापारी आपल्या कामासाठी तिथे आला होता. तो डॉक्टर नव्हता. जवळच्या गावातल्या बायकांना गोळा करून त्याने देवळात आणि घरांत पडलेल्या जखमींना पाणी दिले, जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. कुठल्या बाजूचा शिपाई आहे, हे त्या बायकांनी पाहिले नाही. त्याने १८६२ मध्ये यावर पुस्तक लिहिले, १८६३ मध्ये समिती झाली आणि २२ ऑगस्ट १८६४ ला पहिला जिनिव्हा करार झाला. जखमी आणि त्याची शुश्रूषा करणारा, दोघांवर हात उचलायचा नाही, असे देशांनी सही करून मान्य केले. कोरेगावच्या देवळात जे झाले, ते या कराराने गुन्हा ठरले असते. पण तो ४६ वर्षे उशिरा आला.

पुढची पायरी लष्करातून समाजात आली. जर्मनीतले शल्यविशारद फ्रीडरिश एस्मार्क यांनी त्रिकोणी पट्टी रूढ केली. त्या एका कापडाने डोके, हात, गुडघा, काहीही बांधता येते. मोडलेला हात गळ्यात अडकवायला आपण आजही तेच वापरतो. इंग्लंडमध्ये १८७७ साली सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन सुरू झाली. पीटर शेफर्ड या लष्करी सर्जनने १८७८ मध्ये वूलिच इथे साध्या नागरिकांसाठी वर्ग घेतला आणि त्यांच्यासाठी लहान पुस्तिका तयार केली. पुढच्याच जानेवारीत तो दक्षिण आफ्रिकेत लढाईत मारला गेला. वर्ग मात्र चालू राहिले. खाणकामगार, पोलीस, रेल्वेचे लोक ते शिकू लागले.

१८७८ हे साल आपल्यासाठी दुसऱ्या कारणानेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. पुण्याकडून येणारी गाडी दौंडला त्याआधीच वीस वर्षे येत होती. आता दौंड जंक्शन झाले. कोरेगावजवळून वाहणारी भीमा खाली दौंडला येते. जिच्या काठावर जखमी दिवसभर पाण्यावाचून राहिले, त्याच नदीच्या काठी लोखंड, वाफ आणि कोळशाचे गाव वसले.

रेल्वेने नवीन प्रकारच्या जखमा आणल्या. डबे जोडताना दोन्हींच्या मधे सापडणारा हात, वाफेने भाजलेली कातडी, रुळावर घसरलेला पाय. गाडी आडरानात असताना असे झाले तर दवाखाना कित्येक कोसांवर. त्यामुळे रेल्वेला एक गोष्ट लवकर कळली, की जखमीजवळ डॉक्टर नसणार, गार्ड असणार, पॉइंट्समन असणार. तेव्हा शिकवायचे ते त्यांना. सेंट जॉनचे वर्ग भारतात आले तेव्हा रेल्वेने ते उचलून धरले. गार्डाच्या सामानात हिरवा-लाल झेंडा, बत्ती, शिट्टी, तशी प्रथमोपचाराची पेटीही आली. दौंडमध्ये रेल्वेत नोकरी केलेल्या जुन्या घरांत अजून कोणाचे तरी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र ट्रंकेत सापडते. त्या प्रमाणपत्रावर जो आठ टोकांचा पांढरा क्रूस असतो, त्याचे मूळ जेरुसलेममधल्या एका मध्ययुगीन रुग्णालयात आहे. ते ख्रिस्ती साधूंचे होते, पण तिथे मुसलमान आणि ज्यू रुग्णांवरही उपचार होत.

चिन्हावरून आठवले. तुर्कस्तानने १८७७-७८ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात लाल क्रूसाऐवजी लाल चंद्रकोर वापरली. चिन्ह वेगळे, करार तोच. डिसेंबर १९१२ मध्ये बाल्कन युद्धातल्या तुर्की जखमींसाठी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली एक वैद्यकीय पथक मुंबईहून बोटीने निघाले. त्या पथकासाठी हिंदुस्थानातल्या मुसलमानांनी वर्गणी दिली होती. हेच डॉ. अन्सारी पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झाले. भारतातला रेडक्रॉसचा कायदा १९२० चा. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे संस्था होत्या, पेट्या होत्या, पुस्तके होती, आणि दूरदेशीच्या जखमींसाठी कळकळही होती.

आता आजच्या शिरूर-दौंडकडे या. शिरूर तालुक्यातून पुणे-नगर रस्ता जातो, दौंड तालुक्यातून पुणे-सोलापूर. रांजणगाव आणि कुरकुंभला कारखाने. दोन्ही तालुक्यांत ऊस, उसात घोणस आणि नाग, रात्री पंप चालू करायला जाणारा शेतकरी, हंगामात रस्त्यावर बिनदिव्याच्या ट्रॉल्या. १८१८ चे रणांगण एका दिवसाचे होते, हे रोजचे आहे. आणि अपघात झाला की जे दृश्य दिसते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. वीस जण जमतात. चार जण मोबाइल काढतात. कोणीतरी बेशुद्ध माणसाच्या तोंडात बाटलीने पाणी ओततो. दोघे त्याला हातपाय धरून उचलतात आणि मान लोंबत राहते. यातले कोणी वाईट नसते. त्यांना कोणी शिकवलेले नसते.

म्हणून इतिहासाने जे शिकवले, आणि जे नंतर दुरुस्त केले, ते थोडक्यात लिहितो.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने घट्ट दाबावे आणि दाब सोडू नये. पुन्हा पुन्हा उचलून पाहू नये. कापड भिजले तर वरून दुसरे ठेवावे. काच किंवा सळई घुसली असेल तर ती उपसू नये.

भाजले तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. घड्याळ लावून वीस मिनिटे. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बर्फ काहीच नाही. अंगठ्या, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात.

साप चावला तर दोरी करकचून बांधणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने विष ओढणे हे सगळे एके काळी पुस्तकांतूनही शिकवले जाई. आता ते चूक ठरले आहे. माणसाला आडवे करावे, चावलेला हात-पाय मोडलेल्या हाडासारखा काठीला सैल बांधून हलू देऊ नये, चालवू नये आणि सरळ सरकारी रुग्णालयात न्यावे. प्रतिविषाची लस हाच इलाज. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. मांत्रिक असो की दम करणारा, तिथे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. दुआ गाडीत बसूनही करता येते.

फिट आली तर चप्पल किंवा कांदा हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. आजूबाजूच्या टोकदार वस्तू सरकवाव्यात आणि झटके थांबले की कुशीवर वळवावे. पाच मिनिटांत थांबले नाहीत तर लगेच रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, अशा माणसालाही कुशीवरच ठेवावे. तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. कोरेगावच्या जखमींना पाण्याची तहान होती हे खरे, पण शुद्ध नसलेल्या माणसाच्या घशात गेलेले पाणी फुप्फुसात उतरते.

आणि ज्याचा श्वासच थांबला आहे, हाक मारून, हलवून जो काही प्रतिसाद देत नाही, त्याच्या छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोराने दाब द्यायचा. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत न थांबता. याला सीपीआर म्हणतात. ही रीत १९६० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी जगासमोर मांडली. त्यांचे म्हणणे असे होते, की यासाठी कसले यंत्र लागत नाही, दोन हात पुरतात. विजेच्या धक्क्यानंतर, बुडाल्यानंतर, हृदय बंद पडल्यावर हेच दोन हात लागतात. विजेचा धक्का असेल तर आधी खटका बंद करायचा, मगच हात लावायचा.

हे वाचून येत नाही, हाताने करून येते. अर्ध्या दिवसाच्या वर्गात शिकता येते.

पण शिकूनही हात पुढे होत नाही, याचे एक कारण वेगळे आहे आणि ते बोलले पाहिजे. हमरस्त्यालगत गॅरेज चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. तो मला म्हणाला, “सर, पडलेला माणूस दिसला की जीव राहत नाही. पण दवाखान्यात नाव विचारतात. नाव सांगितलं की पुढं चौकशीला कोण जाणार? तूच धडक दिलीस म्हणाले तर?” त्याने पुढचे वाक्य बोलले नाही. मला ते न बोलताच कळले. भीती सगळ्यांनाच असते. आपल्या पोरांना ती थोडी जास्त असते, आणि ती हवेतून आलेली नाही.

त्याला मी जे सांगितले तेच इथे लिहितो. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने जखमीवर आधी उपचार केले पाहिजेत, पोलिसांची कागदपत्रे नंतर. स्कूटरवरून जाणाऱ्या एका जखमीला एका रुग्णालयाने दाखल न करता दूरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवले आणि तो मेला, या बातमीवरून तो खटला उभा राहिला होता. ३० मार्च २०१६ ला त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्या वाटसरूला संरक्षण देणाऱ्या केंद्राच्या सूचना बंधनकारक केल्या. आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीतून काही बरेवाईट झाले म्हणून खटला चालत नाही. त्याला रुग्णालयात थांबवून ठेवता येत नाही, उपचाराचे पैसे मागता येत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती नाही. धर्म किंवा जात यावरून त्याला वेगळी वागणूक देता येत नाही, हेही नियमांत स्पष्ट लिहिले आहे.

मदत करणाऱ्याला नाव विचारू नये. मला हा कायदा फार मोठा वाटतो. सोल्फेरिनोच्या बायकांनी जखमीची बाजू विचारली नव्हती. आता कायदा सांगतो, की मदत करणाऱ्याची बाजूही विचारायची नाही.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते, सुरुवातीला तिच्या ९३७ गाड्या होत्या. ११२ हा दुसरा क्रमांक. शिरूरला ग्रामीण रुग्णालय आहे, दौंडला उपजिल्हा रुग्णालय. १८१८ च्या मानाने आपल्याकडे सगळे आहे: करार, कायदा, गाडी, लस. फक्त एक जागा अजून तशीच रिकामी आहे. जखम झाल्यापासून गाडी येईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटे. त्या वेळात जखमीजवळ डॉक्टर नसतो, जो जवळ असतो तोच असतो.

ही जागा भरणे अवघड नाही. शाळेत एक तास, मदरशात एक तास. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात, गणेश मंडळाच्या मांडवात, साखर कारखान्याच्या गाडीतळावर, बचत गटाच्या बैठकीत अर्धा दिवस. रुग्णालयातले कोणी डॉक्टर किंवा परिचारिका बोलावली तर येतात. बायकांना आधी शिकवा, कारण घरातले भाजणे, पडणे, पोराच्या घशात काही अडकणे हे त्यांच्यासमोर होते. रुफैदा (रजि.) यांचा तंबू मशिदीच्या आवारातच होता, तेव्हा जागेबद्दल कोणाला हरकत असू नये.

माझ्या त्या विद्यार्थ्याने आता गॅरेजमध्ये पान्यांच्या शेजारी एक पेटी टांगली आहे. आत कापसाचे गुंडाळे, चार त्रिकोणी पट्ट्या, हातमोजे, कात्री आणि टॉर्च. पेटीवर १०८ लिहिले आहे. स्वतःचे नाव त्याने लिहिलेले नाही.